नाना, परग्रहवासी आणि १८-५५ची लेन्स

उडती तबकडी आजवर ज्यांना ज्यांना दिसली, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात धड कॅमेरा नव्हता, ही गोष्ट मला फार दिवस खटकते आहे. वाघाचे फोटो निघतात. कडाडणाऱ्या विजेचे निघतात. बंदुकीतून सुटलेल्या गोळीचे निघतात. भर सभेत डुलक्या घेणाऱ्या पुढाऱ्याचे तर हमखास निघतात आणि स्वच्छ निघतात. पण कुठल्या तरी ताऱ्यावरून एवढी पायपीट करून यान आलं, की ते नेमकं अशाच माणसाच्या शेतावर उतरतं, ज्याचा हात थरथरतो आणि ज्याच्या कॅमेऱ्याची काच लग्नानंतर पुसलेली नसते. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाच्या अमेरिकन वैमानिकाला माउंट रेनिअरजवळ चकचकीत वस्तू उडताना दिसल्या आणि तिथून वर्तमानपत्रांत उडत्या तबकड्यांचं पीक आलं. एक नाही, दोन नाही, नऊ वस्तू. फोटो? शून्य.

हे दुःख मी जेवताना बोलून दाखवलं. समोर नाना होते. नाना म्हणजे माझे सासरे.

"जावईबापू," भाकरीचा तुकडा हातातच ठेवून ते म्हणाले, "ते काय फोटो काढून घ्यायला आले होते? कामाला आले होते. काम केलं, निघून गेले."

नानांची सगळी नोकरी एका सरकारी खात्यात कालव्यांच्या कामावर गेली. कालवे खणायचे दुसऱ्यांनी, मोजायचे नानांनी. या दीर्घ सेवेत त्यांनी मुदतीत पुरं झालेलं एकही काम पाहिलं नाही. एका कालव्याचं भूमिपूजन झालं तेव्हा नानांचं लग्न ठरत होतं, आणि त्याच कालव्याला पाणी आलं तेव्हा नातवाची मुंज ठरत होती. त्यामुळे सरळ रेषेत, ठरल्या मापाचं आणि शेवटपर्यंत नेलेलं कुठलंही बांधकाम दिसलं, की त्यांच्या मनात पहिली शंका येते ती ही, की हे माणसाने केलेलं असणं शक्य आहे का? लोकांना वाटतं नाना भोळे आहेत. अजिबात नाहीत. त्यांचा परग्रहवासीयांवरचा विश्वास श्रद्धेतून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे.

निवृत्तीनंतर या अनुभवाला वाचनाची जोड मिळाली. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्वित्झर्लंडमधल्या हॉटेल व्यवस्थापकाने पुस्तक लिहून जगाला सांगितलं, की प्राचीन काळचे देव म्हणजे अंतराळातून आलेले पाहुणे. हॉटेलात रोज पाहुणेच बघणाऱ्याला इतिहासातही पाहुणेच दिसावेत, हे मला पटण्यासारखं आहे. पण नानांनी तो विषय वाचनालयातून आणला, वहीत उतरवून घेतला आणि मग टीव्हीवर त्या धर्तीचे कार्यक्रम लागायला लागल्यावर आमच्या घरी रात्रीच्या बातम्या बंद झाल्या.

"गिझाचा पिरॅमिड घ्या," नाना सुरू करतात. "तेवीस लाख दगड. चारही बाजू चार दिशांना चोख धरलेल्या. आमच्याकडे एका मोरीचे दोन पाइप कधी एका रेषेत बसले नाहीत."

मी सांगून पाहिलं. पिरॅमिडच्या जवळच कामगारांची वस्ती सापडली आहे. पाव भाजायच्या जागा सापडल्या आहेत, खाल्लेल्या जनावरांची हाडं सापडली आहेत. नाईलकाठच्या तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेतून गिझाला पोचवणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ साली तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फला मिळाली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची. आज इथे दगड भरले, आज तिथे मुक्काम केला, असं सगळं लिहिलेलं आहे.

नाना ताठ बसले. "म्हणजे मस्टर?"

"मस्टरच म्हणा."

"रोजचं?"

"रोजचं."

"महिनाअखेरीला एकदम भरलेलं नाही?"

"तसं दिसत नाही."

नाना पुन्हा टेकून बसले. "मग तर माणूस नव्हेच."

असा हा माणूस वेरूळला यायला तयार झाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं की ही सहल नसून पंचनामा आहे. कैलास लेणं, म्हणजे १६ क्रमांकाचं, हा नानांचा हुकमी एक्का. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला. आधी कळस, मग भिंती, मग पाया. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम, आणि सुमारे दोन लाख टन दगड काढून टाकला असा अंदाज सांगतात. मी कागदावर हिशोब मांडला. वीस वर्षं धरा, वर्षाला कामाचे तीनशे दिवस धरा, तीनशे माणसं धरा. माणशी दिवसाला एकशे अकरा किलो दगड. यात परग्रह कुठे आला?

नानांनी कागद चष्म्याजवळ नेला. "तीनशे माणसं रोज कामावर येतात, हे गृहीतक तुम्हाला कोणी दिलं?"

मग मी शेवटचा पुरावा काढला. म्हटलं, नाना, आतल्या भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात. लेसर किरणांनी छिन्नीचे घाव पडत नाहीत.

"मग फोटो काढून दाखवा," नाना म्हणाले. "मोबाइलचा नको. मोबाइल स्वतःच्या मनाने रंगवतो. आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर रोज एकाचा चेहरा गुळगुळीत होऊन येतो. पुरावा म्हणजे कॅमेऱ्याचा हवा."

बायकोने तिकडून आवाज दिला, "अहो, वेरूळच्या आधी काय तो कॅमेरा घ्या, नाहीतर हा विषय परत काढू नका." इतिहासात कैलासाचं लेणं असंच सुरू झालं, असं जुनी मराठी कथा सांगते. राणी माणकावतीने नवस बोलला, की देवळाचा कळस डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. मोठमोठे कारागीर म्हणाले, पाया भरण्यातच काही महिने जातील, राणीसाहेब तोवर टिकतील कशा? तेव्हा पैठणचा कोकस पुढे झाला आणि म्हणाला, कळसापासूनच सुरू करतो. आठवड्यात कळस तयार. कथा खरी असो नसो, घरच्या आघाडीवरून मुदत आली की माणूस काम उलटं सुरू करतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मीही उलटंच सुरू केलं. आधी बॅग पाहिली.

ज्याला 'एंट्री लेव्हल' म्हणतात त्या कॅमेऱ्याच्या शोधात मी किती रात्री घालवल्या ते सोडा. त्या शब्दातलं आर्जव मात्र ऐकण्यासारखं आहे. या, आत या, दारातच आहात अजून, घाबरू नका, पाकीट फक्त काढून ठेवा. दाराच्या आत गेल्यावर कळतं की या घरात खोल्यांना संख्याच नाही. एकाच कॅमेऱ्याला तीन खंडांत तीन नावं. जो कॅनन आपल्याकडे १५००डी म्हणून मिळतो, तोच युरोपात २०००डी आहे. म्हणजे विमानात बसला की पाचशेने वाढतो. अमेरिकेत त्यालाच 'रेबेल' म्हणतात आणि जपानमध्ये 'किस'. आमच्याकडे नुसता आकडा. बंडखोरीही नाही आणि बाकीचंही नाही.

सल्ला देणारे भरपूर. ऑफिसातले देशपांडे आग्फा क्लिक थ्रीवर शिकलेले. "एका रोलमध्ये बारा फोटो," ते डोळे मिटून म्हणाले. "प्रत्येक फोटोला विचार करावा लागायचा." त्यांनी तो अल्बम मला दाखवला होता. विचार पुष्कळ केलेला दिसत होता, पण माणसांची डोकी त्याच्याबाहेर राहिली होती. आता देशपांड्यांचं म्हणणं एवढंच, की कॅमेरा कुठलाही घ्या, आरशाचा घ्या. भिंगातून आलेला उजेड आरशावर आपटून आपल्या डोळ्यात शिरला पाहिजे. तो 'खटॅक' आवाज झाला पाहिजे. आवाजाशिवाय फोटो काढणं म्हणजे त्यांच्या मते चोरी.

भाचा नेमका उलटा. "मामा, आरशाचा कॅमेरा? आता? आरसा गेला. मिररलेस घे. आर-५० घे, झेड-३० घे." आरसा काढून टाकला तर कॅमेरा स्वस्त व्हायला हवा, असं माझ्या साध्या बुद्धीला वाटलं. तर नाही. आरसा काढला म्हणून महाग. एखादी वस्तू काढून घेऊन तिचे जास्त पैसे लावायचे, ही कला माणसाने शोधली की बाहेरून आली, याबद्दल नानांचं मत मी मुद्दामच विचारलं नाही.

मग भिंगाचं भोक. त्याला अॅपर्चर म्हणतात. आकडा जितका लहान, भोक तितकं मोठं. एफ १.८ म्हणजे भलंमोठं, एफ २२ म्हणजे सुईच्या नेढ्याएवढं. यामागे भागाकार आहे, भिंगाचं नाभीय अंतर भागिले भोकाचा व्यास, हे मला पूर्ण मान्य आहे. पण रात्री अकरा वाजता, झोपेने डोळे मिटत असताना, 'उजेड कमी आहे म्हणून आकडा कमी कर म्हणजे भोक वाढेल' हे वाक्य स्वतःशी म्हणून पाहा. पिरॅमिड माणसांनी बांधले याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. ही मोजणी माणसांनी केली याबद्दल मात्र थोडी आहे. शिवाय सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली उजेड टिपणारी चकती, लहान म्हणून १.६ ने गुणायचं. याला क्रॉप फॅक्टर म्हणतात. म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स घेतली की ती ८०ची असल्यागत वागते. मुलाला पन्नास मार्क पडले आणि घरी ऐंशी सांगितले, तर त्याला आपण क्रॉप फॅक्टर म्हणत नाही.

आणि मेगापिक्सेल. चोवीस की अठरा, या प्रश्नावर मी इतका वाहवत गेलो की शेवटी मंगळावर पोचलो. ते असं. २५ जुलै १९७६ रोजी वायकिंग-१ या यानाने मंगळाच्या सायडोनिया भागाचा एक फोटो काढला. त्यात जमिनीवर चक्क माणसाचा चेहरा. डोळे, नाक, तोंड, सगळं. 'सावल्यांचा खेळ आहे' असं शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं, पण ते ऐकण्यात कोणाला मजा येणार? पुढची वीसेक वर्षं तो चेहरा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नांदला. मग मार्स ग्लोबल सर्व्हेयरने आधी १९९८ साली आणि नंतर २००१ साली कितीतरी बारकाईने तीच जागा टिपली. निघाली टेकडी. चांगली रुंद, सपाट माथ्याची, आमच्या सह्याद्रीत असती तर तिच्यावर कोणीतरी किल्ला बांधून मोकळा झाला असता. परग्रहवासी हे असे चांगल्या कॅमेऱ्यासमोर टिकत नाहीत. त्यांना अंधूक फोटो लागतो. चोवीस मेगापिक्सेल आले की ते बिचारे खडक होतात.

हे मी मोठ्या उत्साहाने नानांना सांगितलं. ते म्हणाले, "चेहरा होता. १९९८ पर्यंत झिजला."

तरीही मेगापिक्सेलचं भूत उतरेना. ते उतरवलं व्हॉयेजरने. १९७७ साली सुटलेल्या या दोन यानांवर सोनेरी तबकडी आहे आणि तिच्यावर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. तबकडीच्या वेष्टणावर चौदा पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्यांच्या, खुणेने आपल्या सूर्याचा पत्ता कोरला आहे. ("पिनकोड?" नानांनी विचारलं.) म्हणजे नमस्कार, गाणं, पत्ता, सगळं रीतसर पाठवून आपण वाट बघतो आहोत आणि कोणी फिरकत नाही. इथे नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, तिथेही कोणी 'आहात का घरी' म्हणून विचारत नाही. पण मुद्दा कॅमेऱ्याचा. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यातलं चित्र आडवं आठशे ठिपके, उभं आठशे ठिपके. गुणाकार करा. ०.६४ मेगापिक्सेल. एवढ्या भांडवलावर त्याने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सहा अब्ज किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला. आपण सगळे, वेरूळ, गिझा, देशपांडे, त्यांचा अल्बम, एका ठिपक्यात मावलो, आणि वर जागा उरली. हा फोटो पाहिल्यावर १८ की २४ यावर रात्र घालवायची मला लाज वाटली. अर्थात त्याची लेन्स १५०० मिलिमीटरची होती. भाच्याने ते लगेच दाखवून दिलं.

या सगळ्या उपद्व्यापात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्या शेजारी एक वहिनी अप्रतिम फोटो काढतात. भिजलेला कावळा, भाजीवालीचे हात, सोसायटीच्या गेटवर झोपलेलं कुत्रं. त्यांचा फोटो पाहिला की प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "वा! कॅमेरा कुठला आहे?" मी स्वतः बोललोय. वहिनी पहाटे उठून कावळ्यासाठी गच्चीत तासभर उकिडव्या बसल्या होत्या, हे कोणी विचारत नाही. आणि हेच आपण कैलास लेण्यापुढे उभं राहून बोलतो. वा! कुठल्या ग्रहावरून आले होते? नानांना मी हसत होतो, पण महिनाभर मी रोज रात्री जे शोधत होतो तेही एक यानच होतं. ते बाहेरून येईल, आणि माझे फोटो चांगले काढून जाईल.

दुकानात गेलो तेव्हा काउंटरमागच्या मुलाने पहिला प्रश्न टाकला, "कशासाठी हवा? लग्नं, पक्षी, का यूट्यूब?"

"वेरूळ."

त्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे फॅमिली."

नाना सोबत होतेच. त्यांनी खात्याची दरपत्रकं मागवायची सवय सोडलेली नाही. तीन दुकानांची तीन कोटेशनं त्यांनी खिशातून काढली आणि सगळ्यात कमी दराच्या निविदेकडे बोट दाखवलं. निविदेत १५००डी होता, सोबत १८-५५ची किट लेन्स. किट लेन्स म्हणजे भेळेवरची पुरी, वेगळे पैसे लागत नाहीत म्हणून कोणी तिच्याबद्दल चांगलं बोलत नाही, आणि पोट मात्र तिच्यावरच भरतं. पुढे मेमरी कार्ड, यूव्ही फिल्टर, स्क्रीन गार्ड, पुसायचं फडकं आणि तिपाई यांनी कॅमेऱ्याच्या किमतीवर जे काही केलं, त्याला नानांच्या खात्यात 'वाढीव काम' म्हणतात. ते सही करताना नानांच्या चेहऱ्यावर प्रथमच आपलेपणा दिसला.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. आम्ही बुधवारी पोचलो. (तिपाई आत न्यायला परवानगी लागते, हे दुकानातल्या मुलाने सांगितलं नव्हतं. ती गाडीतच राहिली.) कैलासाच्या दारातून आत गेल्यावर नाना काहीच बोलले नाहीत, आणि हा प्रकार आमच्या लग्नापासून प्रथमच घडत होता. अंगणात उभं राहून मान मागे टाकली तरी कडा संपत नाही. मी 'एम' मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या खुणेवर ठेवून काढलेला पहिला फोटो पांढराफेक आला, दुसरा काळाकुट्ट. त्यानंतर मी हिरव्या चौकोनाकडे, म्हणजे ऑटोकडे वळलो, आणि कॅमेऱ्याने माझ्यावर काही न बोलता सगळं सांभाळून घेतलं.

नाना तोवर भिंतीशी गेले होते. छिन्नीचे घाव होतेच. तिरपे, एकाखाली एक, दाट. नानांनी खिशातून पाच मीटरची टेप काढली. सुरक्षारक्षक बघत होता म्हणून ती परत ठेवली आणि वितीने मोजायला लागले. मी फोटो काढत होतो, ते पुटपुटत होते. "हा गडी जोरकस... इथे दुसरा आला... हा बघा, ह्याने जेवणानंतर काम केलंय." अर्ध्या तासाने ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता शरण येणार.

"मजूर इथलेच होते," नाना म्हणाले. "देखरेख बाहेरची."

दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिथे फ्लॅशला बंदी, आत अंधार, आणि माझ्या कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, इतका वर नेला की बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. बायकोच्या मोबाइलने तोच चेहरा स्वतःच्या मनाने, पण छान रंगवला. तो विषय मी तिथेच थांबवला. खरी घटना घडली २४ क्रमांकाच्या लेण्यापाशी. हे लेणं अपुरं आहे. खांब नुसते ठोकळे, भिंती खडबडीत, एक कोपरा घडवायला घेतला आणि तसाच सोडला. नानांचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्यांना नातू झाला तेव्हाही झालेला पाहिला नव्हता.

"हे कधी बंद पडलं?"

मी म्हटलं, पाचव्या शतकाच्या अखेरीला. वाकाटक राजा हरिषेण गेला, आश्रय संपला, कारागीर पांगले, असं काही अभ्यासक मानतात.

"सरकार बदललं," नाना म्हणाले. त्यांनी त्या अर्धवट खांबावर मायेने हात फिरवला. "हे माणसांचं काम. हे मी कुठेही ओळखीन." आणि खांबापाशी उभं राहून त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतःहून सांगितलं, "काढा फोटो."

रात्री लॉजवर मी शेवटचा बाण सोडला. बडोद्याला सापडलेला एक राष्ट्रकूट ताम्रपट आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे लेणं होऊन फार दिवस झालेले नव्हते तेव्हाचा. त्यात कृष्णराजाच्या या देवळाचं वर्णन आहे. विमानांतून हिंडणारे देव ते पाहून थक्क झाले आणि म्हणाले, हे शंकराचं देऊळ आपोआपच झालेलं असणार, कारण घडवलेल्या वस्तूत असलं सौंदर्य दिसत नाही. आणि ज्याने ते घडवलं तो स्थपतीही स्वतःच आश्चर्यात पडला, की अरे, हे मी केलं तरी कसं! मला हे फार आवडतं. बाराशे वर्षांपूर्वीच कवीने नानांची बाजू आणि माझी बाजू एकाच ताम्रपटात बसवून दिली आहे. मी नानांना म्हटलं, बघा, विमानवाले आले होते, पण बांधायला नव्हे. बघायला. आपल्यासारखेच तोंड उघडं टाकून उभे होते.

नाना उशी थोपटत म्हणाले, "म्हणजे विमानं आली होती, हे तुम्हाला मान्य आहे."

दिवा त्यांनीच मालवला.

घरी परतल्यावर कॅमेरा माझा राहिला नाही. नाना तो संध्याकाळी गच्चीवर नेऊ लागले. ऑटोवर त्यांचा विश्वास नाही. जे आपोआप होतं त्यात कोणीतरी खातं, हा त्यांचा नियम. त्यामुळे सगळं हाताने. भोकाचा आकडा त्यांनी अकरावर नेऊन बसवला, कारण मोठा आकडा म्हणजे काहीतरी जास्तच मिळणार. फोकस अंदाजाने. आणि एका संध्याकाळी ते धावत खाली आले. पडद्यावर काळं आकाश, आणि मधोमध झळाळणारी, कडा रेखीव असलेली, सहा कोनांची वस्तू.

"पश्चिमेला होती. स्थिर. आवाज नाही."

पश्चिमेला शुक्र होता. फोकस सुटला की ठळक उजेडाचा ठिपका पसरतो आणि लेन्समधल्या पात्यांनी केलेल्या भोकाचा आकार घेतो. पाती सहा तर यान षट्कोनी. नाना यात एकटे नाहीत. अमेरिकन नौदलाच्या लोकांनी टिपलेली आकाशातली त्रिकोणी यानं जगभर गाजली होती. १७ मे २०२२ रोजी त्यांच्या संसदेत जाहीर सुनावणी झाली, तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं, की रात्री बघायच्या दुर्बिणीतून येणारा उजेड पुढे एसएलआर कॅमेऱ्याने टिपल्यामुळे तो त्रिकोण दिसतो. एवढ्या मोठ्या नौदलाचं जे झालं ते आमच्या गच्चीत झालं.

मी नानांना रस्त्यावर नेलं. कोपऱ्यावरच्या दिव्याकडे कॅमेरा रोखला, फोकस मुद्दाम बिघडवला, फोटो काढला. तोच षट्कोन. तंतोतंत तसाच, फक्त पिवळसर. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले.

नानांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग दिव्याच्या खांबाकडे मान वर केली. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "इथपर्यंत आलेत?"

षट्कोन त्याच रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. कोल्हापूरच्या आत्यांनी नमस्कार पाठवला. अमेरिकेतल्या मेहुण्याने 'वॉव' म्हटलं. आणि तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांचं एकच सुरू झालं, नाना, कॅमेरा कुठला? माझ्या वेरूळच्या घावांच्या फोटोवर आजतागायत एक अंगठा आहे, तोही भाच्याचा, आणि तो चुकून पडला असं त्याने नंतर कळवलं.

नानांना एकच खंत. यानाचे नट-बोल्ट दिसत नाहीत. १८-५५ अपुरी पडते. ५५-२५०ची तीन कोटेशनं त्यांनी आणून ठेवली होती. म्हणून मी पुन्हा त्याच दुकानात, त्याच काउंटरपुढे उभा. मुलाने ओळखलं नाही. त्याने लेन्सचा खोका पुढे सरकवत विचारलं, "कशासाठी हवी? लग्नं, का पक्षी?"

मी म्हटलं, "सासरे."